नाही म्हणणाऱ्या हजार बाहुल्या

टॅल्मन, नेब्रास्का
सोमवार, ५ ऑगस्ट

प्रिय एल्डन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. चार वेळा फोन केला. चारही वेळा तुझ्या बहिणीनं उचलला आणि तू अंगणात आहेस, झोपलायस, दुकानात गेलायस आणि पुन्हा अंगणात आहेस असं सांगितलं. ओक्लाहोमात एवढी मोठी अंगणं असतात हे मला ठाऊक नव्हतं. पण तुझी एक सवय मला पक्की ठाऊक आहे. नऊ उन्हाळे तू माझ्याकडे वरच्या खोलीत राहिलास, आणि तुला आलेलं एकही पत्र तू न वाचता टाकलं नाहीस, गावातल्या पोरांनी रंगीत खडूनं लिहिलेली पत्रंसुद्धा नाही. तेव्हा हेही वाचशील. लांब आहे, म्हणून गुडघ्यांवर गोठवलेल्या मटारच्या पिशव्या ठेव आणि निवांत बस.

मटारवरून आठवलं. तुझ्या अकरा पिशव्या फ्रीजरमध्ये राहिल्यात. तुझे गुडघे शेकण्या-गोठवण्यापलीकडे मटारचा काही उपयोग असतो हे मी विसरूनच गेले होते. आता रोज खातेय. मटार घालून बटाटे, मटार घालून नूडल्स, काल तर चर्चमधल्या जेवणाला मटारचं मोठं भांडं घेऊन गेले. सगळ्यांनी एकेकच चमचा वाढून घेतला. टॅल्मनमध्ये कुणाला विचारशील तर सांगतील की एल्डन गेल्यापासून लिंडक्विस्टबाईंचं काही खरं नाही. त्यांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण नुसतं तेवढंच नाही, आणि उरलेलं काय ते या पत्रात सांगायचं ठरवलंय. ते सांगायला अजून थोडं धैर्य गोळा करायचंय. तोवर गावच्या बातम्या ऐक.

पहिली बातमी ऑर्व्हिलची. बेसबॉल संघाचा मालक आणि गावातला एकुलता एक अंत्यविधीवाला एकच माणूस असला की काय होतं ते मंगळवारी तुझ्यावरून सगळ्यांना कळलं. तुला म्हणे त्यानं त्याच्या त्या जाड पडद्यांच्या खोलीत बसवलं, खांद्यावर हात ठेवला, हलक्या आवाजात सांगितलं की संघ आता तुझ्याशिवाय पुढे जाणार आहे, आणि रुमालांचा डबा पुढे सरकवला. आणि तू म्हणालास, “ऑर्व्हिल, मी मेलेलो नाही, नुसता सदतीस वर्षांचा झालोय.” हे वाक्य तासाभरात गावभर झालं. न्हाव्याच्या दुकानात लिहून लावलंय. ऑर्व्हिल परवा दाढी करायला गेला, तर त्याला आरशात ते सारखं दिसत होतं.

शुक्रवारी घरच्या मैदानावर सामना होता. तिसऱ्या बेसकडच्या बाजूची सगळी माणसं पहिला डाव संपेपर्यंत मैदानाकडे पाठ करून बसली. मागच्या शेतातला मका पाहत बसले सगळे. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. महापौर ड्वेनसुद्धा पाठ करून बसला, पण मधूनमधून मान वळवून बघत होता. शाळेतही तो असंच करायचा, म्हणून तर माझ्या हाती नापास झाला. तुझ्या जागी चेंडू पकडायला आलेला नवा कॅचर ॲरिझोनाचा आहे, फार गरीब पोरगा. त्यानं आत येताना टोपी काढून सगळ्यांच्या पाठींना नमस्कार केला. त्यावर बायका पाघळल्या आणि दुसऱ्या डावाला सगळे सरळ बसले. त्याला राहायला घर हवं होतं. ऑर्व्हिलनं आधी मलाच विचारलं. मी सांगितलं, खोली रिकामी नाही. खोटं काही बोलले नाही, तुझ्या जुन्या बुटांनी अर्धी भरलेलीच आहे. तेव्हा तो पोरगा आता ऑर्व्हिलकडे, शवपेट्यांच्या दालनावरच्या खोलीत झोपतो. सकाळी सहालाच मैदानावर हजर असतो. संघाच्या प्रशिक्षकाला, आपल्या गसला, वाटतं काय मेहनती कॅचर मिळाला.

आता बाहुल्यांची बातमी. शनिवारी, म्हणजे दहा तारखेला, तुझ्या बाहुल्यांचा दिवस ठरलाय हे तुला आठवत असेलच. पहिल्या हजार प्रेक्षकांना मान डोलवणारी एल्डन प्रुइटची बाहुली फुकट. ऑर्व्हिलनं जानेवारीतच मागणी नोंदवली होती, तेव्हा तुला काढायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मंगळवारी तुला काढलं आणि गुरुवारी चाळीस खोकी आली. प्रत्येकात पंचवीस एल्डन. गावाच्या लाडक्या खेळाडूला हाकलायचं आणि दोन दिवसांनी त्याच्याच हजार मूर्ती दारात उतरवून घ्यायच्या, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण खरी गंमत पुढेच आहे. खोकं उघडलं तर त्या बाहुल्यांची मान डोलतच नाही. म्हणजे हलते, पण वर-खाली नाही. डावी-उजवीकडे हलते. कारखान्यात स्प्रिंग आडवी बसवली म्हणे. हजारच्या हजार एल्डन नुसते नाही, नाही, नाही करतात.

ऑर्व्हिलनं ती खोकी लोकांच्या नजरेआड व्हावीत म्हणून शवपेट्यांच्या दालनात मागच्या फळीवर रचली. शुक्रवारी सकाळी शेजारच्या गावचं एक कुटुंब आजोबांसाठी पेटी बघायला आलं. ऑर्व्हिल त्यांना पितळी कड्यांची भारी पेटी दाखवत होता. किंमत सांगितली आणि नेमका कुणाचा तरी धक्का फळीला लागला. वरचं खोकं उघडं होतं. पंचवीस एल्डन एकदम नाही-नाही करू लागले. त्या घरची म्हातारी म्हणाली, “बघा, तो माणूससुद्धा नको म्हणतोय,” आणि त्यांनी साधी पाइनची पेटी घेतली. ही हकिकत मला खुद्द ऑर्व्हिलनं सांगितली. सांगताना हसू दाबत होता बिचारा. वाईट माणूस नाही तो, एल्डन. तुला काढल्यापासून त्याचं जेवण उडालंय असं त्याची बायको म्हणते.

आता तो दिवस रद्द करता येत नाही. पत्रकं वाटून झालीत, तिकिटं संपलीत. टॅल्मनच्या मैदानाची सगळी तिकिटं याआधी संपली होती ती गारपिटीच्या वर्षी, आणि तेव्हा अर्धं स्टँड मोडलेलं होतं. शेतावरून, दूरच्या गावांवरून माणसं येणार आहेत, तुझी नाही म्हणणारी बाहुली न्यायला. आता सगळ्यांना तीच हवीय. ऑर्व्हिल मला म्हणाला की बाहुल्या हजार आहेत आणि माणूस एकही नाही, हे बरं दिसत नाही, तेवढं त्याला बाईंनी बोलवावं, बाईंचं तो ऐकतो. मी हो म्हटलं. पण हे पत्र मी ऑर्व्हिलसाठी लिहीत नाहीये.

तुला आठवतं, पहिल्या वर्षी तू माझ्या दारात उभा राहिलास तेव्हा काय अट घातली होती मी? तेव्हाही मैदानावर सामन्याच्या नोंदींची वही मीच लिहीत होते. फलंदाजाच्या प्लेटमागची ती उंच लाकडी खोली, ते गांधीलमाश्यांचं पोळं आणि माझी पेन्सिल. मी म्हटलं होतं की इथे राहा, खा, पी, पण माझ्या घरी पाव खातोस म्हणून माझ्या वहीत तुला काडीची सूट मिळणार नाही. तू हसून म्हणालास, “बाई, सूट मागेन तर घराबाहेर काढा.” मी तुला लगेच कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दाखवल्या. एकेचाळीस वर्षं गणित शिकवलं मी. कुणाला दयेपोटी अर्धा गुण दिला नाही. ड्वेन एका गुणानं राहिला तेव्हा त्याचे वडील टर्की घेऊन दारात आले होते. टर्की परत पाठवली, ड्वेनही परत त्याच वर्गात बसला. म्हणून तर गावानं ती वही माझ्याकडे दिली. लोकांना वाटतं, बाईंनी लिहिलं म्हणजे तसंच घडलं.

आणि मग कार्ल गेला. त्या उन्हाळ्याबद्दल मी कुणापाशी बोलले नाही, पण आता बोलते. चाळीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस नाहीसा झाला आणि मला घरात पेल्यांचा आवाजसुद्धा सहन होईना. तू एका सामन्याला दांडी मारलीस, गसच्या शिव्या खाल्ल्यास आणि दिवसभर माझ्याबरोबर कार्लच्या टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसलास. दर अर्ध्या तासानं उठताना तुझे गुडघे वाजायचे आणि मला कळायचं की घरात कुणीतरी आहे. त्या दिवसापासून तू माझा भाडेकरू राहिला नाहीस. पोटचं पोर असतं तर त्याच्यावर याहून वेगळी माया केली असती असं मला वाटत नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण आपल्याकडे अशा गोष्टी सांगत नाहीत, गोड पाईचा आणखी एक तुकडा घे म्हणतात.

आता टोबिनची बातमी ऐक. ती चांगली आहे. ज्याच्या डाव्या हाताचं तू एवढं कौतुक करायचास, त्या आपल्या पिचर टोबिनला मोठ्या संघानं उचललंय. रविवारी सकाळी जाणार. शनिवारचा त्याचा इथला शेवटचा सामना. रिवाजाप्रमाणे पहिला मानाचा चेंडू ड्वेन टाकणार होता, पण टोबिननं त्याच्याकडून तो मान मागून घेतला. ड्वेन खुशीनं सोडायला तयार झाला, मागच्या वर्षी त्याचा चेंडू ढोलवाल्याला लागला होता. टोबिनची मागणी एकच आहे, की तो पहिला चेंडू टाकेल तेव्हा समोर एल्डन बसलेला हवा. एकच चेंडू. तुझे गुडघे एवढं तर करतील.

हा टोबिन जुलैच्या मध्यात एका दुपारी माझ्या ओट्यावर आला होता. तू तेव्हा गावात केस कापायला गेला होतास. रुबार्बची गोड पाई दिली, तर अर्धीच खाल्ली. टोबिननं पाई अर्धी टाकली म्हणजे काहीतरी घडलंय हे मला समजलं. ताटलीत काटा फिरवत त्यानं विचारलं, “बाई, मी खरंच इतका वाकडा टाकतो का?” चेंडू कॅचरच्या हाती न लागता मागच्या कुंपणापर्यंत गेला की त्याचा दोष टाकणाऱ्याचा की पकडणाऱ्याचा, हे वहीत मी लिहिते. या मोसमात नऊ वेळा त्याचा चेंडू असा गेला होता आणि नऊही वेळा दोष त्याच्या नावावर होता. त्या नऊ नोंदी पाहून मोठ्या संघाची माणसं मागे फिरली होती. म्हणून त्यानं आपली चांगली फेक बदलायला घेतली होती आणि खांदा दुखवून ठेवला होता. मी म्हटलं, एल्डनला विचारलंस का? म्हणाला, विचारलं. “तो म्हणतो चूक त्याचीच आहे. पण तो चांगला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून म्हणतो. वहीत तर तसं नाही ना, बाई. वही तुम्ही लिहिता.”

एल्डन, ती फेक वाकडी नव्हती. एकदाही नव्हती. तुझा डावा गुडघा वेळेवर खाली जात नव्हता आणि चेंडू तुझ्या ग्लव्हखालून जात होता. मला वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि दर वेळी तू उठून आधी टोबिनकडे आणि मग वर माझ्या त्या लाकडी खोलीकडे बघून छातीवर ग्लव्ह थोपटायचास. चूक माझी, असं सगळ्या मैदानादेखत सांगायचास. नऊ वेळा थोपटलास तू. आणि नऊही वेळा मी त्याच क्षणी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे मला दिसलंच नाही असं मला म्हणता यावं. मग चष्मा लावून दोष टोबिनच्या नावावर लिहिला. तुझे आकडे बिघडले तर गस तुला काढेल आणि माझ्या घरची वरची खोली रिकामी होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू कधीच सूट मागितली नाहीस, मीच ती तुझ्यावर लादली, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या पोराच्या खांद्यावर टाकली. टोबिन गेल्यावर मी वही उघडली आणि दुसऱ्या दिवशी लीगच्या कार्यालयाला पत्र लिहून नऊच्या नऊ नोंदी दुरुस्त करायला सांगितल्या. माझ्या सहीनं. त्या दुरुस्त झाल्या, टोबिनचे आकडे सरळ झाले, मोठा संघ परत आला. आणि तुझे आकडे गसच्या टेबलावर गेले. तुला ऑर्व्हिलनं काढलं नाही, गसनंही नाही. माझ्या पेन्सिलीनं काढलं.

बुधवारी सकाळी तू बॅग घेऊन स्वयंपाकघरात आलास तेव्हा मी पाठ करून तवा घासत होते. तू किल्ली खुंटीला लावलीस आणि म्हणालास, “बाई, तो तवा कालच धुवून झालाय.” मी वळले नाही. तुला वाटलं असेल बाई रडतायत. रडत होतेच, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून वळले नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं माझं. तुझी गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी तो तवा घासत राहिले, आणि हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. मला माफ कर, एल्डन. नोंदी दुरुस्त केल्या त्याबद्दल नाही, ते पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन. तू खरं सांगत असताना नऊ वेळा मी ते पाहिलं नाही त्याबद्दल, आणि त्या सकाळी वळले नाही त्याबद्दल. तुझी एक बाहुली मी ऑर्व्हिलकडून मागून आणून त्याच तव्यासमोरच्या खिडकीत ठेवलीय. रोज सकाळी तिला विचारते, एल्डन माझ्यावर रागावलाय का? आणि बोटानं हळूच टिचकी मारते. ती मान हलवते, नाही, नाही. मला बरं वाटतं आणि मी चहा ठेवते. मग विचारते, शनिवारी येईल का? त्यालाही तेच उत्तर येतं, म्हणून त्या बाबतीत मी तिचं मनावर घेत नाही. किल्ली खुंटीवरच आहे. सामना सातला आहे. टोबिनचा चेंडू तुझ्या हातून सुटला तर तुझ्याच नावावर लिहीन, आणि त्यानंतर घरी येऊन पाई खायची आहे. मी मैदानावरच्या त्या लाकडी खोलीत साडेसहापासून बसेन, आणि चष्मा घरूनच पुसून नेईन.

तुझीच,
हेस्टरबाई